सरळ दस्त्याची बंदूक

परवा माझी आत्या बंदुकीच्या दुकानात माझ्याशेजारी डोळे मिटून उभी होती. साठीत तिला मातीच्या उडत्या तबकड्या टिपायचा नाद लागलाय, आणि आता स्वतःची बंदूक हवी होती. काउंटरवर दोन रिकाम्या दुनळी बंदुका, प्रत्येक नळीला वेगळा चाप. एकीचा दस्ता पिस्तुलाच्या मुठीसारखा वळलेला, नक्षीदार. दुसरीचा काठीसारखा सरळ.

"वळणाची घ्या ताई, मूठ पक्की बसते," दुकानदार म्हणाले.

बंदूक जोखायची ती अशीच: डोळे मिटून खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरचा मणी नजरेसमोर आला, तर ती आपली. आत्याने वळणाची लावून पाहिली. "बसते खरी, पण हात हलूच देत नाही गं!" मग सरळ दस्त्याची उचलली. हात पुढच्या चापावरून मागच्या चापावर अलगद सरकला. डोळे उघडले, तर मणी अगदी समोर. आत्या खुदकन हसली.

मला हेवाच वाटला. आपण सगळं डोळे फाडफाडून निवडतो, साड्या, सोफे, सोयरीकसुद्धा. आणि मग जन्मभर त्यात मावायला अंग चोरत बसतो. हाताला कधी विचारतच नाही. माझ्या घरी उलथणी चार आहेत, हात मात्र दांडा झिजलेल्या एकाच उलथण्याकडे जातो.

"दिसायला फारच साधी आहे हो ही," दुकानदारांनी शेवटचं सांगून पाहिलं.

"असू दे की," आत्या म्हणाली. "मी हिच्याकडे कुठे बघणार आहे? मी वर आभाळात बघणार!"