फुटवे मोडायचे होते

शिशिरने सकाळभर घाम गाळून तोडलेल्या निलगिरीच्या खुंटांवरचे सगळे फुटवे मोडले, पण हिंदीत मोडले. एकेक कोवळा फुटवा हळुवार वाकवून सुतळीने खुंटाला बांधला. गोदूकाकूंनी शहरातल्या बुढापारा मोहल्ल्यातून फोनवर सांगितलं होतं, "सारे मोडून टाक." रायपुरात वाढलेल्या या पुतण्याला मोडणं म्हणजे वाकवणं, एवढंच ठाऊक.

दुपारी काकू नवा रायपूरच्या कडेला, शेतावर उतरल्या. समोर निलगिरी ओळीने नमस्कार घालत होती.

"हे काय करून ठेवलं रे?"

"आपने ही तो बोला, मोडो."

"तोडाले सांगितलं, पोट्ट्या. मुंडावळ्या नव्हत्या बांधाच्या."

काकू हसल्या मात्र नाहीत. कागद कारखान्याचा एजंट निघाला होता, सोबत दीर नरहर. जमिनीत त्याचा अर्धा वाटा. फुटवे जोमदार दिसले तर पुढच्या तोडीपर्यंत करार. नसले तर जमिनीचं काकू म्हणतील तसं, असं दोघांत ठरलं होतं.

छत्तीसगडची नवी राजधानी इथे आली तेव्हा शेजाऱ्यांनी जमिनी विकल्या. रेल्वेच्या नोकरीत अडकलेल्या काकूंनी निलगिरी लावली. हजेरी न मागणारं पीक. झाडं वाढली तसा बांधाखालचा नाला आटला आणि नाल्यावरची भैय्यालालची भाजीची बाडी सुकली. यंदा झाडं तोडली, तर होळीनंतरही नाला वाहत राहिला. भैय्यालालने भीत भीत वांगी लावली. आता खुंट पुन्हा फुटले होते आणि धार बारीक होऊन राहिली होती.

"धर विळा."

दोघं ओळीला भिडले. इथल्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर मोटार लपत नाही. ठिपका दिसला, मोठा झाला. शिशिरचे हात सुतळीतच अडकत होते. त्याने बांधलेल्या गाठी पक्क्या होत्या, हे त्याचं दुर्दैव.

मोटार थांबली तेव्हा शेवटची ओळ उरली होती. एजंटने वाकलेला फुटवा कुरवाळला. "अच्छी जान है इसमें."

काकूंनी तो त्याच्या हाताखालूनच कडकन मोडला. मग पुढचा.

"वहिनी, असं काहून करून राहिल्या?" नरहर म्हणाला.

काकूंनी मान न उचलता विळ्याने खाली नाल्याकडे दाखवलं. वांग्यांत वाकलेला भैय्यालाल ताठ उभा राहून वर पाहत होता. नरहरने त्याच्याकडे आणि नाल्याच्या बारीक धारेकडे पाहिलं. मग एजंटला म्हणाला, "चलिए. यहाँ कुछ नहीं बचा."

धूळ बसल्यावर शिशिर हळूच म्हणाला, "काकू, नुकसान तो अपना ही हुआ ना?"

"हव. आपलंच व्हाले पायजे."