‘एकावर’ म्हणजे किती?

चौदा पावलं कमी पडली.

मी परत चाललो. एकदा दोनशे अठ्ठेचाळीस, एकदा दोनशे एकोणपन्नास. हवी होती दोनशे बासष्ट.

आधी पावलांचं सांगतो. मी सर्व्हेअर आहे, म्हणजे जमिनी मोजणारा. एकोणतीस वर्षं झाली. या धंद्यात प्रत्येकाला स्वतःचं पाऊल माहीत असतं. माझी शंभर मीटरला एकशे एकतीस पडतात. मळ्यात, चढावर फरक पडतो. सपाट सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, पडला तर एखाद्या-दुसऱ्या पावलाचा. चौदाचा नाही.

मी मैदानावरच्या धावपट्टीवर होतो, कारण बावीस वर्षांनी पुन्हा पळायला लागलो होतो. डॉक्टरांनी शुगरचा रिपोर्ट दाखवला आणि त्याच संध्याकाळी मी कपाटातून बूट काढले. बुटांचे तळवे हातात आले. दुसऱ्या दिवशी नवे घेतले. पहिल्या दिवशी एक फेरी, त्यातली अर्धी चालत. जुन्या फील्डबुकात रोजची वेळ लिहीत गेलो. अकराव्या आठवड्यात आठ फेऱ्या, म्हणजे सोळाशे मीटर, नऊ मिनिटं एकोणतीस सेकंदांत. हा आकडा मी बायकोला सांगितला, ऑफिसात सांगितला, ठाण्याच्या मेव्हण्याला फोन करून सांगितला. जरा जास्तच चांगला आकडा होता. आकडा आवडला की माणूस तो तपासत नाही. हे मी ज्युनिअरना शिकवतो.

त्या दिवशी गुडघा दुखत होता म्हणून शेवटची फेरी चाललो आणि सवयीने मोजली.

आता राग कशाचा ते सांगतो. ती धावपट्टी आमच्याच ऑफिसने आखली होती. मैदान एका मंडळाचं. आमच्या मोठ्या साहेबांनी आखणी आणि कडेचा जांभा दगड देणगी म्हणून दिला. गेटवर बोर्ड लागला, ‘एक फेरी २०० मीटर’. आणि मंडळाच्या कपाटात मोजणीचा दाखला आहे. त्यावर सही माझी.

आखणीच्या दिवशी मी पूर्णगडला एका हद्दीच्या कामावर होतो. संध्याकाळी परत आलो तर टेबलावर साहेबांचं स्केच होतं. वळणाची त्रिज्या १९.१०, दोन वळणांच्या केंद्रांमधलं अंतर ४०. बेरीज केली, बरोबर दोनशे आली. सही केली. जागेवर गेलो नाही.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आमचा टेपमन मंगेश उभा होता. एकोणीस वर्षं माझ्या टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात आहे. रोज संध्याकाळी तो मुलीला, सोनालीला, घेऊन यायचा. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. मुलींना आठशे मीटर असतात, आणि गुण सेकंदांवर मिळतात. बारा दिवस उरले होते. ती चार फेऱ्या दोन मिनिटं पन्नास सेकंदांत मारायची.

“दोन पन्नास, सर!” मंगेश रोज ओरडून सांगायचा. “आता हिला कोण अडवतंय बघूया!”

मी त्याला बाजूला घेतलं. “मंगेश, आखणीच्या दिवशी टेप कोणती होती?”

“आपलीच. तीस मीटरची.”

“पुढचा तुकडा तुटलेली?”

“होय तर. तीच.”

“धरलीस कुठे?”

“एकावर. रोजच्यासारखी.”

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत टेपचं टोक आधी गंजतं आणि तुटतं. शून्यच जातं. मग टेप फेकायची नाही, एक मीटरच्या खुणेपासून धरायची. धरणारा ओरडतो, “एकावर!” वाचणारा मनात एक वजा करतो. तीस मीटरची टेप तीसलाच संपते, म्हणून तीसला एकोणतीसच लिहायचं आणि पुढे चालायचं. मी आणि मंगेश हे झोपेतही करू.

“आणि वाचली कोणी?”

“मोठ्या साहेबांनी. फोटो काढायचा होता ना. म्हणाले, आज मी वाचतो.”

“तू ओरडलास का?”

“ओरडलो ओ! पहिल्या खुंटीवर ओरडलो, ‘एकावर!’ साहेब म्हणाले, ‘दिसतंय मला.’ मग दुसऱ्या केंद्रावर गेलो, परत ओरडलो, ‘एकावर!’ तर मलाच दम दिला. ‘अरे, आता तू दोनावर आहेस! खुंट्यांचे नंबर तरी नीट सांग!’ मला वाटलं, साहेबांची काहीतरी वेगळी पद्धत असेल. गप्प बसलो.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

साहेबांनी एक वजा केलाच नव्हता. त्रिज्येत एक मीटर गेला, की वळणांत सव्वासहा मीटरपेक्षा जास्त जातो, कारण दोन्ही वळणं मिळून एक पूर्ण वर्तुळ होतं. केंद्रांमधलं अंतर दोनदा टेप ओढून घेतलं, म्हणजे प्रत्येक सरळ बाजू दोन मीटरने कमी. एकूण सव्वादहा. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगली टेप घेऊन मोजलं. १८९.७२. चार फेऱ्यांत एक्केचाळीस मीटर कमी. सोनालीचे दोन पन्नास खऱ्या मैदानावर दोन एकोणसाठ होणार होते.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी कागद पाहिला.

“रविवारी मंडळाची स्पर्धा आहे. पाहुणे येतायत. नंतर बघू.”

“नंतर कधी?”

“अहो, स्पर्धेत सगळेच तेवढंच पळणार. अन्याय कोणावर होतोय?”

“मंगेशची मुलगी कोणाबरोबर पळत नाही, साहेब. घड्याळाबरोबर पळते.”

“पाच टक्क्यांचा फरक. आंब्याच्या पेटीत लोक याहून जास्त सोडून देतात.”

“मग उद्यापासून प्लॉटही पाच टक्के कमी मोजून देऊ. बोर्ड लावू बाहेर.”

त्यांचा आवाज चढला. “मंगेशने टेप चुकीची धरली!”

“मंगेशने बरोबर धरली. वाचली तुम्ही.”

साहेबांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग ते हळूच म्हणाले, “सही तुमची आहे.”

ते खरं होतं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. कोणाचीही मोजणी जागेवर न जाता मान्य करायची नाही, असं मी शंभर वेळा सांगितलं असेल. मी तिथेच मंडळाला पत्र लिहिलं: दाखला चुकीचा आहे, सही मागे घेत आहे. साहेब म्हणाले, “विचार करा.” मी म्हणालो, “तो सही करताना करायला हवा होता.” पत्र स्वतः नेऊन दिलं.

मंगेशने मात्र हात जोडले. “सर, अकरा दिवस राहिलेत. नका सांगू तिला. खचेल ती.”

“आणि तिथे जाऊन कळलं तर खचणार नाही?”

मी तिला सांगितलं. तिने आधी बापाकडे पाहिलं.

“बाबा, तुम्ही गप्प कशाला बसलात?”

“साहेब होते गो.”

“साहेब पळणारेत काय माझ्या बदली?” मग माझ्याकडे वळली. “किती कमी?”

“चार फेऱ्यांत एक्केचाळीस मीटर. खरं म्हणजे एक्केचाळीस पॉइंट बारा.”

“मग रेघ मागं घ्या.”

एवढंच. मी दगड हलवण्याचा, मंडळाच्या ठरावाचा विचार करत होतो. तिने एका वाक्यात काम सांगितलं. मंगेशने चांगल्या टेपचं शून्य धरलं, मी वाचलं, दोनदा. जांभ्यावर लाल रंगाने खूण केली, ‘८०० इथून’. तिथून पळून समाप्तीची रेघ ओलांडायची आणि पुढे चार फेऱ्या.

पहिल्या दिवशी तिला तीन मिनिटं एक सेकंद लागला. दोन दिवस ती बापाशी बोलली नाही. पळायला मात्र रोज आली, सकाळीही आणि संध्याकाळीही.

माझीही खूण मागे गेली. खरे सोळाशे, दहा मिनिटं चार सेकंद. घरी सांगितलं. बायको पोळी लाटताना म्हणाली, “वजन तरी खरं उतरलंय ना? की काटाही मंगेशनेच धरला होता?” मेव्हण्याला मी पुन्हा फोन केला. चुकीचा आकडा मी दिला होता, दुरुस्त करणं माझं काम होतं. तो पोट धरून हसला. हसू दे.

रविवारी स्पर्धा ठरल्याप्रमाणे झाली. सूत्रसंचालकाने माईकवर ‘विक्रमी वेळ’ असं तीनदा सांगितलं. साहेबांनी बक्षिसं दिली. मी गेलो नाही.

भरतीच्या मैदानावर सोनालीने दोन मिनिटं चोपन्न सेकंद घेतले. पन्नास नाही. यादी अजून लागायची आहे. पण ते चोपन्न कोणी मोजले तरी चोपन्नच येतील.

गेटवरचा बोर्ड अजून ‘एक फेरी २०० मीटर’ असाच आहे. मंडळ म्हणतं, साहेबांना विचारा. साहेब म्हणतात, मंडळाला विचारा. जुनी टेप मी माझ्या हाताने कापून भंगारात टाकली. मंगेश आता नव्या टेपचं शून्य धरतो आणि तरीही ओरडतो, “शून्यावर, सर! खुंटी नंबर दोन!” दोन्ही वेगवेगळं सांगतो.

बऱ्याच वर्षांनी पळायला लागणाऱ्याला सगळे गुडघे जपायला सांगतात. जपावेत. पण आधी एक फेरी चालत, पावलं मोजत घ्यावी. मी ती दाखल्यावर सही करण्याआधी घ्यायला हवी होती.