वळचणीची फट

न्यायालयातील नोकरीत मी आयुष्यभर इतरांचे अर्ज तपासले. अर्जात त्रुटी असेल तर ती कोणती, आणि ती कशी दूर होईल, हे स्पष्ट लिहूनच अर्ज परत करावा, असा नियम होता व मी तो पाळला. निवृत्तीनंतर चंद्रपूरच्या राहत्या घरात एका संगणकाने माझे काम पुन्हा पुन्हा फेटाळण्यास सुरुवात केली, तेव्हा आलेला संताप हा वयाचा दोष नव्हता, असे माझे आजही मत आहे.

पत्नीचे माहेर घुग्घुसकडचे एक लहान गाव. कोळशाच्या खाणीसाठी ते संपादित झाले. गावकऱ्यांच्या हरकती मी लिहिल्या, अपीलही मीच लिहिले. सर्व फेटाळले गेले, आणि गाव होते तेथे खड्डा झाला. पुढे काही वर्षांनी पत्नीला काचबिंदू असल्याचे निष्पन्न झाले. नजर कडांकडून मिटत येत होती आणि गेलेली परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा ती एकदाच म्हणाली, "अवो, मायचं घर एकडाव पाह्याले भेटलं असतं तं बरं झालं असतं." त्या घराचे एकही छायाचित्र कोणाजवळ नव्हते.

आमची मुलगी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. तिने संगणकावर बंदुकांचा एक जुना खेळ टाकून ठेवला होता. त्याच्यासोबतच्या साधनाने आपल्याला हवी ती जागा, म्हणजे भिंती, छपरे, रस्ते, रचता येत असे आणि मग खेळात शिरून तीत चालता येत असे. अशा रचलेल्या जागेला नकाशा म्हणत. रचून झाला की तो कंपाइल करावा लागे. म्हणजे एक प्रोग्रॅम तो तपासे, उजेड-सावली ठरवी आणि चालण्याजोगा करून देई. मुलीने मला हे शिकवले. मग पत्नीने सांगायचे आणि मी रचायचे, असा आमचा परिपाठ सुरू झाला.

"एवढी मोठी ओसरी नोती जी," ती म्हणे. "तुमचं कोर्ट हाये का ते?"

मी ओसरी लहान केली. चूल, सामान ठेवायची माच, घरामागची सांदवाडी, शेजाऱ्यांची घरे, विहीर, चिंच, सारे तिच्या साक्षीप्रमाणे उभे केले आणि नकाशा कंपाइलला दिला. उत्तर आले: लीक. म्हणजे गळती. खेळातील जग सर्व बाजूंनी बंद असलेच पाहिजे; कोठे फट राहिली तर प्रोग्रॅम पुढचे काम नाकारतो. फट कोठे आहे हे दाखवणारी एक लाल रेघ तेवढी तो काढून देतो.

ती रेघ मी पडद्यावर आणली. चुलीपासून निघून ती वर चढली, भिंत आणि छपर यांच्यामधून वळचणीखालून बाहेर पडली आणि काळ्या पोकळीत गेली. आमच्याकडे कौलारू घराची भिंत छपराला टेकवत नाहीत. धुरासाठी वीतभर जागा सोडतात. ती मी इमानाने सोडली होती.

पत्नी चेहरा पडद्याजवळ नेऊन म्हणाली, "काऊन चिडता? बराबर तं हाये. धूर असाच जाये."

"फट बुजवा म्हणतो तो."

"अन् मंग माय सैपाक कशी करन?"

फट बुजवणे म्हणजे खोटा पुरावा तयार करणे होते. मी नकार दिला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या परदेशी गृहस्थाचा ई-मेल शोधून काढला आणि रीतसर निवेदन पाठवले: जगात हवेशीर घरे असतात, ती त्रुटी ठरवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, याचा खुलासा व्हावा. उत्तर आले, आणि ते नम्र होते. आपण हे काम केव्हाच सोडले असून आता कोणीही ते पाहत नाही, नकाशा बंद करून पाहावा, असे त्यांनी कळवले होते. खालच्या न्यायालयाने फेटाळले तर वर जाता येते. येथे वर कोणीच नव्हते.

मुलीने तोड सुचवली. "बाबा, फट राहू द्या ना. अख्ख्या गावावरच आभाळाची पेटी ठेवा."

पेटी ठेवली आणि गळती थांबली. परंतु एवढे मोठे बंदिस्त जग मोजण्यास प्रोग्रॅमला तासन्‌तास लागू लागले आणि मध्येच भारनियमन सुरू होई. ज्या शहराच्या औष्णिक केंद्रातून वीज राज्यभर जाते, त्या शहरात माझे अर्धे मोजलेले गाव काळ्या पडद्यात बुडे आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. वीज कार्यालयाला लिहिलेल्या पत्रांची मला पोचही मिळाली नाही. अखेर एकदा वीज टिकली, तेव्हा नवीच त्रुटी आली: नकाशातील वस्तूंनी मर्यादा ओलांडली आहे, काही कमी कराव्यात.

दरम्यान पत्नी वाढलेल्या ताटातील वाटी चाचपून शोधू लागली होती.

मी चिंच काढली. पुरले नाही. विहीर काढली. मग गावाच्या टोकाकडून एकेक घर काढत आलो. ज्या घरांसाठी मी हरकती लिहिल्या होत्या, तीच घरे मी निवडून पुसत होतो, आणि प्रत्येक वेळी तीच त्रुटी परत येत होती. पत्नीला मी यातले काही सांगितले नाही. तिने थांबवले असते आणि थांबण्यास वेळ नव्हता.

शेवटी नकाशा मंजूर झाला. मी तिला खुर्चीवर बसवले आणि कळा दाबू लागलो. ओसरी, माजघर, माच. तिने प्रत्येक ठिकाणी मला थांबवले. "असंच होतं," ती म्हणाली. "अगदी असंच." मग म्हणाली, "आता भाईर चला. बाजूच्या काकीकडे."

बाहेर मातीचा रंग होता आणि त्यानंतर आभाळाची भिंत.

"काकीचं घर कुठी हाये?"

"काढावं लागलं."

"अन् हीर?"

"तीही."

"सारेच उठवले?"

मी हो म्हणालो.

"नोटीस तरी देल्ली होती का त्याईले?" ती हसून म्हणाली.

मी नाही म्हणालो. ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली, आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी मला त्या एकाच घराभोवती फिरवत राहिली.