लवकर तोडलेलं दूध

बिल्कीसला रक्ताची किळस कधीच आली नाही. पनवेलच्या बाजारात तिच्या अब्बांचं, अय्यूबभाईंचं, म्हशीच्या मटणाचं दुकान होतं. शाळा सुटली की तिचं दप्तर तिथेच पडायचं. पुढे ती जनावरांची डॉक्टर झाली तेव्हा नातेवाईक पोट धरून हसले. "अय्यूब कापणार आणि पोरगी वाचवणार!"

२०११ साली आपट्याजवळच्या एका खासगी संशोधन केंद्रात तिला नोकरी लागली. तिथले प्रमुख कृष्णकांत सर. तबेल्यात म्हशीला नर रेडकू झालं की त्याला कोणी विचारत नाही. त्याला मांसासाठी नीट वाढवायचं असेल तर आईचं दूध कोणत्या वयात तोडावं, हा त्यांचा प्रश्न. काही रेडकांचं दूध लवकर तोडून त्यांना भरपूर खुराक दिला, काहींना आईपाशी जास्त दिवस पिऊ दिलं. मग भूल देऊन पाठीच्या स्नायूतून हरभऱ्याएवढा तुकडा घ्यायचा, तो लगेच गोठवायचा आणि त्यात कोणतं जनुक जागं आहे, कोणतं झोपलंय ते तपासायचं. हे काम बिल्कीसचं.

निकाल आला तेव्हा ती हरखून गेली. लवकर तोडलेल्या रेडकांच्या स्नायूत चरबी धरायला लावणारी जनुकं आधीच कामाला लागली होती. आईचं दूध नसलं तरी पोटात काय पडतं, हे मांसाला आतपर्यंत कळत होतं. मात्र सगळी मेख खुराकात होती; तो भरपूर मिळाला तरच हे खरं.

एका पशुखाद्य कंपनीने पनवेलला तबेलेवाल्यांची सभा ठेवली. कृष्णकांत सर माइकवर म्हणाले, "दूध लवकर तोडा. मांसाचं नुकसान नाही, उलट फायदाच." खुराकाचं वाक्य पडद्यावर आलं तेव्हा भज्यांच्या प्लेटा फिरत होत्या.

बिल्कीसने त्यांना जिन्यात गाठलं. "सर, खुराकाचं तुम्ही बोललाच नाहीत."

"स्लाइडवर होतं की. एवढ्या लोकांना जनुकं कुठे समजावत बसू?"

काही महिन्यांनी लोक सल्ला पाळतात का ते बघायला ती पळस्प्याला दाजीच्या तबेल्यात गेली. दाजी म्हणजे सभेत पहिल्या रांगेत बसलेला, मान डोलावणारा माणूस. त्याने हौसेने तिला आत नेलं.

मुताच्या वाफेने तिचे डोळे चुरचुरले. कोपऱ्यात, शेणाच्या चिखलात, रेडकं आखूड दाव्याने बांधली होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. शेपटीखाली हगवण वाळून तिचे पोपडे झालेले, डोळ्यांच्या कडांवर माश्यांचा थर. भुकेने ती एकमेकांचे कान चोखत होती. एकाचा कान चोखून चोखून सोलवटला होता, तरी शेजारचं रेडकू तो सोडत नव्हतं. समोर दावणीला मेलेल्या रेडकाचं कातडं पेंढा भरून उभं केलेलं. शिवण उसवली होती, आत किडे वळवळत होते. म्हैस ते चाटत होती आणि पान्हा सोडत होती. खाली दाजीचा गडी बादली धरून बसला होता.

"खुराक काय देता यांना?" बिल्कीसने नाकाला ओढणी लावली.

"खुराक? पेंढा हाय ना. तुमच्याच साहेबांनी सांगितलं, लवकर तोडा. आमी दुसऱ्या दिवशीच तोडतो."

"चीक तरी पाजता?"

"चीक गिऱ्हाइकाला लागतो, खरवसाला," दाजी हसला. "ही पोरं काय वाचतात? वाचली तर तुमच्या अब्बाला देतो. ते घेतात ना."

बिल्कीस बाहेर आली आणि हायवेच्या कडेला ओकली.

कृष्णकांत सरांना तिने सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा घोट घेतला. "लोक उलटं ऐकतात त्याला आपण काय करणार? पेपर छापून येतोय, तुझं नाव आहे त्यात. सेलिब्रेट कर." त्या क्षणी तिला दाजीपेक्षा या स्वच्छ टेबलाची शिसारी जास्त आली. आठवड्याभरात तिने राजीनामा दिला.

घरी जेवायला बसली तर समोर पाया, म्हणजे खुरांचा रस्सा, होता. तिने विचारलं, "अब्बा, दाजींकडचा माल आपल्याकडे येतो?"

"येतो. सगळ्यांकडे येतो."

"कसा असतो तो?"

अय्यूबभाई घास चघळत राहिले. "हाडं असतात, बेटा. गोश्त कुठलं?"

तिने ताट सरकवलं. आई ओरडली, "अन्नाला नाक मुरडतेस?" पण ती उठून गेली. पुढे बरेच दिवस तिने मांसाला हात लावला नाही. दुकानदाराच्या पोरीने दुकानाचं खाऊ नये, हे अब्बांना लागलं.

एका शुक्रवारी नमाजानंतर ते स्वतःच म्हणाले, "चल, दाखव."

तबेल्यात ते फार वेळ थांबले नाहीत. पेंढा भरलेलं कातडं बघून "तौबा" म्हणाले आणि दाजीकडे वळले. "दाजी, असलं पोर यापुढे मी घेणार नाही. चीक पाज, एक सड पोराला ठेव, वैरणीला लागलं की पेंड घाल. अंगावर गोश्त चढलेलं आण, भाव चांगला देईन."

"दुसरा घेईल!" दाजी उखडला.

"घेऊ दे."

दाजीची बायको जनी शेणाची पाटी घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "एक सड ठेवल्याने काय भिकेला लागत नाय आपण. मला त्या कानांकडं बघवत नाय." दाजी तिच्यावर खेकसला, पण पुढच्या वेताला दोन रेडकं त्याने पिऊ दिली. बाकीची त्याने गुपचूप दुसऱ्या खाटकाला दिली, हेही बिल्कीसला कळलं.

पुढे ती गव्हाणच्या बाजूला गावोगाव फिरून जनावरं बघू लागली. दूध कधी तोडायचं असं कोणी विचारलं, की ती आधी विचारते, "तोडल्यावर घालणार काय?" उत्तर नसेल तर पुढचं काही सांगत नाही. सरांचा पेपर कुठल्याशा परिषदेत गाजला, असं तिने ऐकलं. तो तिने अजून उघडलेला नाही.