वरातीत थांबलेलं जपानी गाणं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या धाकट्या मामाचे आहेत. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो पाळीवर काम करायचा आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. दहावीनंतर मला कामाला लावायचं वडिलांनी जवळजवळ ठरवलं होतं. मामा बदलापूर गावातल्या आमच्या घरी आला, चहा प्यायला आणि कॉलेजचा फॉर्म वडिलांपुढे ठेवून बसला. वडील कारखान्याबद्दल बोलले, महागाईबद्दल बोलले, शेजाऱ्याच्या मुलाबद्दल बोलले. मामा सगळ्याला मान डोलावत होता, पण उठत नव्हता. शेवटी जेवायची वेळ झाली तेव्हा वडिलांनी सही केली.

जपानी रॉक संगीतावर लिहायचं आणि सुरुवात मामापासून करायची, हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. पण मला ते संगीत ऐकायला त्यानंच शिकवलं. जपानी भाषेतला एक शब्द ना त्याला येत होता ना मला.

आमच्या भागात बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या पत्तीनं तारा छेडायच्या. आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून कर्ण्यात जातो आणि अख्ख्या आळीला ऐकू येतो. पार्टीत गाणारा नसतो. गायचं काम बेंजोच करतो, मागे ढोल, ताशा आणि ड्रम.

मामाच्या बेंजोची दुरुस्ती उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका दुकानात व्हायची. माइक, कर्णे, कॅसेटी, सीडी असं सगळं तिथे मिळायचं. मालक सिंधी, साठीच्या आसपासचे. गिऱ्हाईक लहान असो की मोठं, ते 'साईं' म्हणूनच बोलायचे. त्यांचे मेव्हणे जपानमध्ये कोबे शहरात कापडाचा व्यापार करत. मेव्हण्यांच्या मुलांनी टाकून दिलेल्या सीडींचा एक खोका त्या दुकानात धूळ खात पडला होता. मी तेव्हा एफवायला होतो. मामाच्या बेंजोची तार बसवून होईपर्यंत मी त्या सीडी उलटसुलट करून बघत होतो. मालक म्हणाले, "ले जा साईं. इधर तो कोई हाथ नहीं लगाता. ना समझ में आता है, ना नाच में आता है."

दुसऱ्या मुद्द्यावर ते चुकले होते. ते पुढे येईलच.

त्या चौदा सीडी होत्या. नावं सगळी जपानी लिपीत, त्यामुळे आम्ही त्यांना मुखपृष्ठावरून ओळखायचो: हिरवी, छत्रीवाली, चौघांचे केस उभे असलेली. पुढे मला बँडची नावं कळली, पण ती मी इथे मुद्दाम देत नाही. नाव दिलं की माणूस आधी त्या नावाबद्दल काय बोललं जातं ते शोधतो आणि मग ऐकतो. मी नाव न वाचता दोन वर्षं ऐकलं आणि माझं त्यात काही बिघडलं नाही.

रविवारी मी अंबरनाथला मामाच्या खोलीवर जायचो. त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला सीडी प्लेअर जोडून आम्ही ऐकायचो. पहिल्याच दिवशी मला तो नुसता गोंगाट वाटला. मामानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि म्हणाला, "सगळं एकदम ऐकायला तू काय मांडवातला पाहुणा आहेस? एकाला धर. आधी ड्रमवाल्याला धर. बाकीचे मेले असं समज."

मी ड्रमवाल्याला धरलं. दुसऱ्या वेळी बेस गिटारला. तिसऱ्या वेळी मामानंच सांगितलं की गिटारवाले दोन आहेत, एक भांडतोय आणि दुसरा त्याची समजूत काढतोय. चौथ्यांदा गाणं लागलं तेव्हा गोंगाट कुठेच नव्हता, चार माणसं एका खोलीत एकमेकांकडे बघत वाजवत होती. अवघड पुस्तक वाचायचं असेल तेव्हा मी आजही असंच एकेक धरून वाचतो. बीएस्सीचं रसायनशास्त्र मी याच रीतीनं सोडवलं.

आता माझी मतं सांगतो. ती ठाम आहेत आणि इतक्या वर्षांत बदललेली नाहीत.

जपानी रॉकमध्ये चालीला पहिला मान असतो. गिटार कितीही करकरू दे, ड्रम कितीही आदळू दे, वर एक चाल असतेच आणि ती भांडी घासताना गुणगुणता येते. इंग्रजी रॉकमधलं बरंचसं मला आवडतं, पण त्यात कित्येकदा आवाज डोंगराएवढा आणि चाल मुठीएवढी असते. ज्याचं बालपण लाउडस्पीकरवरच्या गाण्यांत गेलं, त्याला जपानी रॉक परकं वाटणार नाही. माझी शिफारस अशी की ज्याला रॉक मुळीच आवडत नाही, त्यानं इथून सुरुवात करावी.

रंगवलेले चेहरे, उभे केस आणि राजपुत्रासारखे कपडे असलेल्या बँडना हसू नका. माझे मित्र हसायचे. अरे, आपल्याच जिल्ह्यात बोहाड्याच्या उत्सवात माणसं देवांचे मुखवटे लावून नाचतात, तेव्हा आपण हात जोडतो ना. या बँडची गाणी लांब असतात, मध्येच पियानो येतो, गाणारा जवळजवळ रडतो आणि मग ड्रमवाला घर पाडल्यासारखा वाजवतो. ती दुपारी ऐकावीत, दुसरं काहीही न करता.

तीनच जणांचा बँड सापडला तर सोडू नका. तिघांत कुणाला लपायला जागा नसते. मुलींचे बँड जरूर ऐका. छत्रीवाल्या सीडीतल्या तिघी इतक्या सरळ आणि बिनधास्त वाजवायच्या की मामा म्हणाला, यांना आपल्या पार्टीत घेतलं तर पार्टीचा मास्तर आधी मला काढेल. टीव्हीवरच्या जपानी कार्टूनच्या सुरुवातीला दीड मिनिटाचा तुकडा लागतो, त्यावर गाण्याची पारख करू नका. पूर्ण गाण्यात चांगला भाग बहुतेक त्याच्या पुढे असतो. आणि शब्द कळत नाहीत म्हणून थांबू नका. बेंजोलाही शब्द नसतात.

एकदा कोबेचे मेव्हणे उल्हासनगरला आले होते. मामा बेंजो घेऊन दुकानात बसला होता. त्यांनी पेटीवरून हात फिरवला आणि हे तर जपानचंच वाद्य म्हणून सांगितलं. तिकडूनच ते हिंदुस्थानात आलं होतं. मामाची छाती फुगली. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "मगर वहाँ तो ये बूढ़ी औरतें बजाती हैं. क्लब में, चाय पीते-पीते."

परतताना मामा विठ्ठलवाडीपर्यंत पेटी काखेत घट्ट धरून चालला. मग म्हणाला, "त्या म्हाताऱ्यांना एकदा आपल्या हळदीला बोलवायला पाहिजे."

मी टीवायला असताना पार्टीचे दिवस फिरले. लोक डीजे मागायला लागले होते. सुपारी, म्हणजे लग्नाचं काम, ठरवायला येणारे विचारायचे की नवीन काय वाजवता. पार्टीचे मास्तर ढोल वाजवायचे आणि व्यवहारही बघायचे. त्यांचं म्हणणं होतं की बेंजो ठेवून कीबोर्ड घ्यावा, त्यात सगळे आवाज येतात. मामा पंधरा वर्षं बेंजो वाजवत होता. कीबोर्डवर त्याची बोटं चालत नसत आणि तो आवाज त्याला आवडतही नसे. बेंजो गेला तर पार्टीतली त्याची जागा जाणार, हे मास्तर बोलले नाहीत तरी सगळ्यांना कळत होतं.

मी सुचवलं की हिरव्या सीडीतलं तिसरं गाणं वाजवा. ते कुठल्याच डीजेकडे नव्हतं. मामानं चार दिवसांत ते बसवलं. ते गिटारपेक्षा बेंजोवर चांगलं वाजलं, हे मी भाचा म्हणून म्हणत नाही. पण त्या गाण्यात शेवटच्या फेरीआधी सगळी वाद्यं एकदम थांबतात. पूर्ण दोन ओळींएवढी शांतता, आणि मग सगळे मिळून कोसळतात. मामा म्हणाला, तिथे ताशा भरू. मी ऐकलं नाही. ती शांतता काढली तर गाण्यात राहिलं काय, असं मी त्याला मास्तरांसमोर ऐकवलं. मला तेव्हा जपानी रॉकमधलं सगळं कळत होतं.

मामानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं. शिकलेला माणूस सांगतोय."

लग्न आमच्याच बदलापूर गावात होतं, संध्याकाळची वरात, नवरदेव घोड्यावर. गाणं सुरू झालं आणि पोरं वेडी झाली. डीजे मागणारी हीच पोरं मामाचा बेंजो आणि कर्णे ठेवलेल्या हातगाडीपुढे घामाघूम होऊन नाचत होती. मी मागून चालत होतो आणि अंगावर काटा येत होता. मग ती शांतता आली.

आमच्याकडे वरातीत वाजप एकाच ठिकाणी थांबतं, नवरीच्या दारात. घोडेवाल्याला पत्ता कुणी सांगत नाही, तो वाजपावर चालतो. वाजप थांबलं, त्यानं घोडा उभा केला आणि नवरदेवाला खाली उतरवलं. नवरीचं घर अजून पाच घरं पुढे होतं. ज्या दारात नवरदेव उतरला ते नवरीच्या चुलतचुलत्याचं. बांधाच्या भांडणावरून दोन्ही घरांत सात-आठ वर्षं बोलणं बंद होतं आणि त्यांना लग्नाचं आमंत्रणही नव्हतं. मामा कोसळणाऱ्या फेरीसाठी हात उचलून उभा होता. मास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

त्या घरातली म्हातारी ओट्यावरून उठली, आत गेली आणि पाणी नि भाकरीचा तुकडा घेऊन आली. तिनं ते नवरदेवावरून ओवाळून टाकलं आणि नवरीच्या बापाकडे बघून म्हणाली, "दारात उतरलेला पोर काय तसाच पाठवू? तुझं-माझं काय ते आपण मागनं बघू."

कुणी हसायच्या आणि कुणी भांडायच्या बेतात होते. नवरीच्या बापानं खाली मान घातली आणि नवरदेवाला पायीच पुढे नेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मास्तरांना बोलावून चार लोकांत झाडलं. मास्तरांनी बेंजोवाला चुकला म्हणून सांगितलं. मामा तिथे उभा होता, मीही होतो. माझं नाव त्यानं घेतलं नाही. "माझी चूक झाली," एवढंच म्हणाला.

मी पदवीधर झालो आणि पुण्याला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागलो. पुढल्या लग्नसराईआधी आईनं फोनवर सांगितलं की मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे मामा बेंजो उल्हासनगरच्या दुकानात देऊन कीबोर्ड घेणार आहे. मी त्याला फोन केला. तो हो-हो म्हणाला आणि जेवलास का विचारून त्यानं फोन ठेवला. मी शाळेत असल्यापासून तोच मला सांगायचा की महत्त्वाचं असेल ते लिहून कळव, फोनवर माणूस नुसता हो म्हणतो. म्हणून मी लिहिलं.

*

प्रिय मामा,

सप्रेम जयभीम.

मी इथे ठीक आहे. कामाची जागा चांगली आहे, साहेब समजून सांगतात.

तू बेंजो देणार असं कळलं. वरातीत गाणं थांबलं ती चूक तुझी नव्हती. तू ताशा भरायला सांगत होतास, मीच अडून बसलो. गाण्याबद्दल माझं म्हणणं आजही तेच आहे, ती शांतता काढली तर ते गाणं राहत नाही. पण रस्त्यावर काय चालतं हे तुला माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं. हे मी तेव्हाच सगळ्यांसमोर बोलायला पाहिजे होतं. मी गप्प बसलो, त्याची मला लाज वाटते. आजच मास्तरांनाही वेगळं पत्र टाकलं आहे आणि त्यात घडलं तसं सगळं लिहिलं आहे. नवरीच्या वडिलांना पुढच्या रविवारी मी स्वतः जाऊन भेटणार आहे.

दुकानातल्या साईंना फोन केला होता. मी येईपर्यंत तुझी पेटी घेणार नाहीत असं त्यांनी कबूल केलं आहे. यावर तू रागावशील. रागाव.

कीबोर्ड मास्तरांना हवा असेल तर दुसरा कुणी वाजवेल. मी दोनशेच्या वर जपानी गाणी ऐकली आहेत आणि मला जे कळतं त्यावरून सांगतो, तुझ्यासारखी चाल धरणारा त्यांच्यातही रोज सापडत नाही. हे मायेनं लिहीत नाही.

सोबत सीडी पाठवतोय. सात गाणी आहेत. पहिलं, तिसरं आणि पाचवं वरातीला चालेल. ती मध्ये एकदाही थांबत नाहीत, मी घड्याळ लावून ऐकली आहेत. दुसरं हळदीला. चौथं अवघड आहे, घाई करू नकोस. सहावं आणि सातवं कुणापुढे वाजवू नकोस, सुट्टीच्या दिवशी दार लावून तुझ्यासाठी वाजव.

मामीला नमस्कार.

तुझा भाचा