लहान चार्जर

बॅटरी किती जड असते, हे पुरुषांना सांगून कळत नाही. ते ती उचलून होडीत ठेवतात आणि मोकळे होतात. मी ती पाटीत घालून, डोक्यावर चुंबळ ठेवून, घरापासून एसटीच्या फाट्यापर्यंत दोन मैल नेत असे. चार पायल्या ज्वारीचं वजन. आणि ज्वारी सांडली तर गोळा तरी करता येते. गाडीत पायाशी ठेवलेली बॅटरी हिंदकळली की ॲसिडचा थेंब उडायचा आणि लुगड्याला भोक पडायचं. त्या दोन वर्षांत माझ्या एकाही लुगड्याचा काठ धड राहिला नाही. वर कंडक्टरची बोलणी ती वेगळीच.

उजनी धरणाचं पाणी चढलं आणि आमची जमीन त्यात गेली. बदल्यात जो माळ मिळाला तो मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकदा पायाखालून घातला आणि पत्र्याची होडी घेतली. संध्याकाळी जाळी टाकायची, दिवस उगवायच्या आधी काढायची. पाण्याखाली बुडालेल्या बाभळी उभ्याच होत्या, विहिरींचे कठडे होते. अंधारात त्यावर होडी चढली तर संपलंच. कंदील वाऱ्यानं टिकायचा नाही, म्हणून जुन्या मोटारीचा दिवा होडीच्या तोंडाशी बांधला होता आणि त्याला ही बॅटरी. आठ दिवसांनी ती उतरायची, दिवा पिवळा पडायचा, की माझी वारी सोलापूरला.

बॅटरी भरून देणारा जवळच्या बाजारगावातही होता. पण त्यानं एकदा ती गरजेपेक्षा जास्त वेळ लावून ठेवली आणि आतल्या पट्ट्या वाकवल्या. तेव्हापासून सोलापूर. खरं तर हे एकदाच झालं होतं. त्या माणसाची कुणी तारीफ करू लागलं, की त्या वाकलेल्या पट्ट्यांची आठवण मीच काढायची. ती गोष्ट मी थंड होऊ दिली नाही.

कारण सोलापुरात माझी आई होती. एका खोलीत एकटी राहायची, विड्या वळायची. बॅटरी दुकानात टाकली की भरायला अख्खी रात्र लागे, त्यामुळं मला आठवड्यातून एक रात्र माहेरी मिळे. दुसरी कुठली सून दर आठवड्याला माहेरी जात होती? दिवाळी, पंचमी, नाहीतर कुणी अंथरुणाला खिळलं तर. आई अंथरुणाला खिळली नव्हती. तिचा उजवा अंगठा थरथरायचा, एवढंच. थरथरणाऱ्या अंगठ्याला आजार कोण म्हणतं?

पण त्या अंगठ्यानं विडीचं तोंड नीट मुडपलं जाईना. कारखान्यातला तपासनीस आईची बरीच विडी छाट म्हणून बाजूला काढू लागला. अशानं एक दिवस कारखान्याच्या कार्डावरून नाव जाणार आणि काम सुटणार हे तिलाही ठाऊक होतं. मग मी पोचल्या पोचल्या पानं-तंबाखूचं सूप मांडीवर घ्यायची आणि रात्री दिवा मालवेपर्यंत वळत बसायची. लहानपणी शिकलेलं, हात विसरत नाही. माझ्या घट्ट विड्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या, आई आठवडाभर पुरवून वापरायची. रोज नेताना तिचे सैल कट्टे टोपलीत खाली आणि माझे वर. तपासनीस वरचेच उचलायचा. त्याच्या आळसावर आईचं पोट चाललं होतं. दमून यायची मी. जाताना बॅटरीनं, येताना बॅटरीनं आणि वर बोटांनी.

आणि माझंच तोंड मला नडलं. मान दुखते, गुडघा दुखतो, कंडक्टर अंगावर येतो, असं घरी आल्यावर बडबडायची सवय. दुखायचं ते खरंच होतं. त्या वर्षी गावात विजेचे खांब आले आणि आमच्या घरात एक दिवा लागला. आठ दिवसांत मालकांनी पैसे हातावर ठेवले. "आता घरीच भरू. चार्जर घिऊन यी सोलापुरातनं. तुजी पायपीट तरी वाचंल."

एवढ्या मायेनं ते एरवी बोलत नसत. मी नको म्हणू तरी कशी?

दुकानदारानं दोन चार्जर पुढ्यात ठेवले. एक मोठा, लोखंडी, वर काटा हलणारा, उचलायला बॅटरीच्या तोडीचा. दुसरा डब्याएवढा, निम्म्या किमतीचा. मला वाटलं, दोन्ही एकच काम करतात. तो हसला.

"बेहेन, गाँव में लाईट कित्ती देर रैती?"

"येते कधी तीन तास, कधी चार. कधी येतच नाही."

"फिर छोटा नको लेव. बैटरी आधी बी नै भरती. बड़ा लेव."

दोन शब्दांत त्यानं सगळं सांगितलं. मोठा घेतला तर बॅटरी घरी भरणार आणि माझं येणं संपणार. लहान घेतला तर ती अर्धवट राहणार आणि मला यावंच लागणार. उद्या सांगते म्हणाले आणि बॅटरी त्याच्याकडे टाकून आईकडे गेले.

आईला सगळं सांगितलं. तिनं कात्री खाली ठेवली.

"मोटा घे," ती म्हणाली. "पान्यावरचा माणूस हाय त्यो."

"आन् तुजं?"

"माजं बगू की."

काय बघणार होती ती? तिच्या सुपातली विडी मी हातात घेतली तर तंबाखू माझ्या तळव्यावर सांडली. सकाळी दुकानात जाऊन मी लहान चार्जर घेतला. घरी येऊन उरलेले पैसे मालकांना दिले आणि मोठा दुकानात नव्हता असं सांगितलं. त्यांनी पैसे न मोजता खिशात घातले. माझ्यावर विश्वास ठेवायची त्यांना वाईट खोड होती.

पुढं दुकानदार म्हणाला तसंच झालं. लाइट आली की मालक बॅटरीला चिमटे लावायचे, चार्जर घुंघुं करायचा, लाइट जायची. आठव्या दिवशी दिवा पिवळा तो पिवळाच. "भरंना ही पुरती," मी म्हणायची, "नेऊ का सोलापूरला?" ते मान हलवायचे. वाईट त्यांनाच वाटायचं. असे दीड-दोन महिने गेले. आईचं कार्ड टिकलं होतं.

मग एका सकाळी ऊन बरंच वर आलं तरी मालक आले नाहीत. आत्याबाई, माझ्या सासूबाई, तीन वेळा काठावर जाऊन आल्या. मी जागची हलले नाही. आले तेव्हा नखशिखान्त भिजलेले, नडगीवर वीतभर फाटलेलं, जाळं नाही. दिवा विझला आणि होडी बाभळीच्या खोडावर चढून कलंडली होती. खोडालाच धरून ते उजाडेपर्यंत पाण्यात राहिले होते.

मी नडगीला हळद लावत होते. ते म्हणाले, "माजीच चूक. काल लाइट आली तवा चिमटं लावायचं इसरलो."

लावले असते तरी दिवा विझलाच असता. हे त्यांना माहीत नव्हतं, मला होतं. मी सांगून टाकलं. मोठा चार्जर दुकानात होता हे, दुकानदार काय म्हणाला ते, आईचा अंगठा, वरचे कट्टे, खालचे कट्टे. सगळं.

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला सांगायचं की," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर धाडलं असतं का तुमी? दर आटवड्याला?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, मी तोंडाकडं बघत होते.

"न्हाय," ते म्हणाले.

त्या 'न्हाय'चा मला आजही राग येतो. पण त्या वेळी ते 'व्हय' म्हणाले असते, तर मी पुन्हा त्यांच्याकडं बघू शकले नसते. मी हळद लावून फडकं बांधलं. आठव्या दिवशी सोलापूरला जाऊन, वरचे पैसे भरून, चार्जर बदलून मोठा आणला. त्या रात्री आईकडं सूप मांडीवर घेऊन जमतील तेवढे कट्टे वळले. ते तिला अकरा दिवस पुरले. बाराव्या दिवशी टोपलीत वरही तिचेच कट्टे होते.