वजा सुपारी

एव्हरशाईन सिटीतल्या सायबर कॅफेत एकदा शेजारच्या कॉम्प्युटरवर वटार गावची एक मावशी बसली होती. तिच्या पानवेली मुळाशी कुजत होत्या, त्यावर ती उपाय शोधत होती. शोधायला पानवेलीचं इंग्रजी नाव टाकलं की नुसती सुपारी आणि विडे येत. मी म्हटलं, "मावशी, अजून शब्द घाला." तिनं ऐकलं नाही. सुपारीच्या आधी वजाचं चिन्ह दिलं, मग विड्याच्या आधी. दर वेळी फुटवा खुडल्यासारखा हात मागे घेतला. वजा दिलेले शब्द असलेली पानं यादीतून गळाली आणि मूळकुजीची माहिती वर आली.

"नको ते पयलं काढायचं," ती म्हणाली. "वेलीचं पन आमी तेच करतो."

छापलेला कागद घेऊन ती गेली. रोज मुंबईला जाऊन-येऊन विटलेला मी तिथे दुसरी नोकरी शोधत होतो. मी मुंबईच्या आधी वजा दिला.